खण : ओटीतला आणि अंगावरचा

गेली काही वर्षे खण पुन्हा दिसू लागला आहे. आपल्या महाविद्यालयातच पाहा ना! पारंपरिक वेशभूषा दिनाला निम्म्या मैत्रिणी खणाच्या साडीत असतात, संमेलनाच्या व्यासपीठाला खणाचे तोरण असते आणि पाहुण्यांच्या हाती नारळाबरोबर खणाचे वेष्टन घातलेली वही पडते. दुसऱ्या दिवशी मात्र हा सारा खण कपाटात जातो, तो थेट पुढच्या वर्षी बाहेर येतो. वास्तविक हे कापड वर्षातून एकदा मिरवण्याचे नव्हेच. भांगलताना, धुणे धुताना, उन्हातान्हात बायका ते अंगावर वागवीत होत्या. तेव्हा आपल्याला ते रोजच्या वापरात कसे आणता येईल, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

हा विचार करणारी ही कोण, असे कुणी विचारील. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि माझा विषय इतिहास, शिवणकाम नव्हे. पण माझी आई जत तालुक्यातल्या आमच्या गावी बायकांचे कपडे शिवते. तिच्या मशीनच्या खटखटीत माझा दहावीचा अभ्यास झाला. या लेखातील मापे तिची आहेत. भाषा तेवढी माझी.

खण म्हणजे मुळात चोळीचे कापड. ते जेथे विणले जाते ते गुळेदगुड्ड हे गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात, बदामीपासून जवळ आहे. आपण ज्याला इरकल म्हणतो त्या लुगड्याचे इळकल गावही त्याच जिल्ह्यातले. इरकली लुगडे आणि खणाची चोळी हा आमच्याकडचा जोड ठरलेला. १९५६ पर्यंत हा सारा भाग विजापूर जिल्ह्यात आणि विजापूर जिल्हा मुंबई राज्यात होता. बागलकोट हा वेगळा जिल्हा तर १९९७ मध्ये झाला. राज्यांची सीमा नंतर आखली गेली, कापडाची वाट आधीची आहे. म्हणूनच खणावरच्या नक्षीची नावे कन्नड असली तरी आमच्या बाजूच्या म्हाताऱ्यांना ती परकी वाटत नाहीत. तेरू म्हणजे रथ, आने हेज्जे म्हणजे हत्तीचे पाऊल. सूर्यनारायण तर दोन्हीकडे एकच.

या कापडाची गंमत त्याच्या विणीत आहे. पूर्वी ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असे. हल्ली रेशमाऐवजी पुष्कळदा कृत्रिम रेशीम वापरतात. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे कापड हलले की रंग हलतो. डाळिंबी खण उजेडात धरला तर मध्येच काळसर दिसतो, मोरपंखी कधी निळ्याकडे झुकतो तर कधी हिरव्याकडे. बुट्टी बारीक, दाट, सगळ्या अंगभर. ती छापलेली नसते, विणतानाच ताण्याच्या जादा धाग्यांनी उठवलेली असते. आणि म्हणूनच खणाच्या उलट्या बाजूला हे धागे सुटे तरंगताना दिसतात. खरा खण ओळखण्याची सोपी खूणही हीच. बाजारात आज खणाची नक्षी छापलेले पॉलिएस्टर ढिगाने मिळते. दुकानदाराशी वाद न घालता कापड उलटून पाहावे. मागची बाजू नुसती फिकट आणि सपाट असेल, तर ते खणाचे चित्र आहे, खण नव्हे.

दुसरी गोष्ट पन्ह्याची. खणाचा पन्हा अरुंद, साधारण ३१ इंच, आणि दोन्ही कडांना काठ. हे चोळीच्या हिशेबाने होते. चोळी बेतताना कापड आडवे धरतात, म्हणजे काठ बरोबर बाहीच्या कडेला आणि पाठीच्या खालच्या अंगाला येतो. वेगळी दुमड घालावी लागत नाही, कड आपोआप पक्की होते. काखेत त्रिकोणी तुकडा घालतात तो हात वर करता यावा म्हणून. पुढे हूक नाही, गुंडी नाही, नुसती गाठ. बाई जाड झाली, बारीक झाली, लेकुरवाळी झाली तरी चोळी तीच, गाठ तेवढी सैल वा घट्ट. पुढे झंपर आले, ब्लाउज आले, पॉलिएस्टर आले, आणि खणाची चोळी फक्त नऊवारी नेसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या अंगावर उरली. माझ्या आईच्या वयाच्या बायकांनी ती सोडली, कारण चोळी घालून तालुक्याच्या गावी जाणारी बाई खेडवळ ठरत होती. आज तेच कापड शहरातल्या दुकानात काचेआड टांगलेले पाहून आई हसते. त्या हसण्यात थोडा रागही असतो, असे मला वाटते.

चोळी गेली तरी खण राहिला, तो ओटीत. देवीला खण-नारळ, माहेरवाशिणीला खण-नारळ, डोहाळजेवणाला खण-नारळ. पण अंगावर शिवला जात नाही म्हटल्यावर त्याचे काय व्हायचे ते झाले. एका घरातला खण दुसऱ्या घरी, तेथून तिसऱ्या घरी असा तो घडी न मोडता हिंडतो. शिवायचाच नाही म्हणून देताना तो आखूड होत गेला, आणि आता ओटीचा म्हणून जो त्रिकोणी घडीचा खण मिळतो त्यात बहुधा पोरीचे परकर-पोलकेही बसत नाही. आईच्या ट्रंकेत असे सदतीस खण निघाले. त्यात खरे विणलेले अकरा.

आणि ओटीची एक बाजू आपण बोलत नाही. ओटी सवाष्णीची. माझे आजोबा वारले त्यानंतर आजीला कुणी खण दिला नाही, आणि तिनेही रंगीत खणाची चोळी घातली नाही. साधी सुती घालते. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे सुचविले. वर्गात यावर चर्चा झाली तेव्हा मी पुष्कळ बोलले होते. सुट्टीत घरी गेल्यावर आजीपुढे डाळिंबी खण धरला, तर ती म्हणाली, "आता मला कशाला गं रंगीत? तू घाल की." परिपत्रक आजीपर्यंत पोहोचायला किती वर्षे लागतील, हे इतिहासाच्या विद्यार्थिनीलाही सांगता येणार नाही. खण रोज वापरावा असे मला वाटते, त्याचे एक कारण हेही आहे. तो कॉलेजला, बाजारात, एसटीत सगळ्यांच्या अंगावर दिसू लागला, तर तो अमुक बाईचा आणि तमुक बाईचा नाही, हे म्हणणे जरा अवघड होईल.

असो. आता शिवण्याकडे वळू.

खणाची साडी मला रोजच्या कामाची वाटत नाही. साडीला ४५ इंचांच्या आसपास पन्हा लागतो, तेव्हा एकतर मूळ खण जोडावा लागतो नाहीतर मुद्दाम रुंद विणलेला घ्यावा लागतो. हा रुंद माल बराचसा यंत्रमागाचा असतो. दिसतो छान, पण बसच्या गर्दीत साडी सांभाळणाऱ्या मुली आपल्यात किती? कुर्ता बरा. कापड उभे धरून ४२ इंच उंचीचा कुर्ता बेतला, तर पुढचा आणि मागचा भाग एकाशेजारी एक बसत नाहीत, कारण पन्हाच ३१ इंचांचा. दोन्ही एकाखाली एक घ्यावे लागतात, बाह्या निराळ्या. म्हणजे अडीच ते पावणेतीन मीटर कापड. एवढे करून दोन्ही काठ बाजूंना कापले जातात आणि खणाचा खणपणाच जातो. आईची युक्ती अशी, की चोळीसारखे कापड आडवे धरावे. काठ खाली घेरावर येतो. उंची मात्र २९-३० इंचांच्या वर जात नाही, म्हणून कुर्ता आखूड होतो, कमरेच्या थोडा खाली. वरच्या बाजूचा काठ उरतो तो बाह्यांना लावावा. खाली साधी सुती सलवार किंवा जीन्स. मी असा आमसुली कुर्ता गेले वर्षभर आठवड्यातून दोनदा घालते.

संपूर्ण खणाचा कपडा नको असेल तर साध्या सुती कुर्त्याला गळ्यापासून छातीपर्यंतचा तुकडा खणाचा घालावा. किंवा बिनबाह्यांचे जाकीट शिवावे. मुलांनाही ते शोभते, आणि आपल्या वर्गातील मुलांनी खण फक्त बायकांचा समजण्याचे कारण नाही. एक पथ्य मात्र पाळावे. खणावर खण नको. बुट्टी इतकी दाट असते की ओढणीही खणाची, पिशवीही खणाची म्हटले की माणूस दुकानाच्या दर्शनी फळीसारखा दिसतो. शेजारी पांढरे, राखाडी किंवा काळे साधे कापड असले की रंगाची ती हालचाल दिसते.

शिंप्याकडे टाकताना तीन गोष्टी सांगाव्यात. कापड आधी पाण्यातून काढावे, कारण सूत आटते. आतून मऊ सुती अस्तर लावावे, नाहीतर मागचे सुटे धागे अंगठीत आणि बांगडीत अडकतात. आणि शिवणीत माया जास्त सोडावी, निदान एक इंच, कारण खणाच्या कापल्या कडा भराभर उसवतात. घाईत ओव्हरलॉक न करता दिलेला कपडा महिन्यात काखेतून सुटतो. धुण्याचे विशेष काही नाही. पहिल्या दोन-तीन वेळा वेगळा धुवावा, पिळू नये, सावलीत वाळत घालावा, इस्त्री उलट्या बाजूने.

आणि ओटीतले ते आखूड खण? ते परत कुणाच्या ओटीत न घालता त्यांची चंची शिवावी. जुन्या बायका पानतंबाखूसाठी शिवीत तशीच. आपल्याला पेन, पास आणि सुटे पैसे ठेवायला चालते. आजीलाही एक शिवून दिली, तीच डाळिंबी. चंची अंगावर घालायची नसते, कनवटीला खोचायची असते, त्यामुळे तिने ती घेतली. एका खणात दोन चंच्या निघतात. तिसरी काढायला जाल तर काठ मध्येच तुटतो.