‘एडी’ म्हणजे ‘आफ्टर डेथ’ नव्हे! मग इसवी सनाची मोजणी सुरू कुठून झाली?

इतिहासाच्या पुस्तकात वर्षासोबत ‘बीसी’ आणि ‘एडी’ ही अक्षरं दिसतात. ‘बीसी’ म्हणजे ‘बिफोर ख्राइस्ट’, हे बरोबर. पण त्याच चालीवर ‘एडी’ म्हणजे ‘आफ्टर डेथ’, असं अनेकजण धरून चालतात. तसं असतं, तर येशू ख्रिस्ताच्या हयातीतली तीसेक वर्षं कोणत्या खात्यात टाकायची?

‘एडी’ हे लॅटिन शब्दांचं लघुरूप आहे: ॲनो डॉमिनी, म्हणजे ‘प्रभूच्या वर्षी’. हे वर्ष जन्मापासून मोजलं जातं, मृत्यूपासून नाही. मराठीतल्या ‘इसवी सन’चा अर्थही जवळपास तोच. ‘ईसा’ हे येशूचं अरबी नाव आणि ‘सन’ म्हणजे वर्ष.

एका भिक्षूचा हिशेब

ही मोजणी येशूच्या काळात सुरू झालेली नाही. ती मांडली डायोनिसियस एक्झिगस या रोममध्ये राहणाऱ्या ख्रिस्ती भिक्षूने, इ.स. ५२५ मध्ये. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, म्हणून तो पुढच्या वर्षांची कोष्टकं तयार करत होता. जुन्या कोष्टकांत वर्षं रोमन सम्राट डायोक्लेशनच्या कारकिर्दीपासून, म्हणजे इ.स. २८४ पासून मोजलेली होती. याच सम्राटाने ख्रिस्ती लोकांचा अतोनात छळ केला होता. अशा माणसाची आठवण ईस्टरच्या कोष्टकात कशाला ठेवायची, म्हणून डायोनिसियसने ख्रिस्तजन्मापासून वर्षं धरली.

ही पद्धत लगेच रुळली नाही. इंग्लंडमधल्या बीड नावाच्या भिक्षूने (मराठवाड्यातल्या बीडशी संबंध नाही!) इ.स. ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासग्रंथात ती वापरली आणि मग ती युरोपात पसरत गेली. पोर्तुगालने तर ती १४२२ मध्ये स्वीकारली.

शून्य वर्ष नाहीच

तेव्हा युरोपातली आकडेमोड रोमन अंकांत चालायची आणि त्यांत शून्याला चिन्ह नव्हतं. त्यामुळे इ.स.पूर्व १ नंतर थेट इ.स. १ येतं. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी इथे सावध राहावं. रोमन सम्राट ऑगस्टसचा जन्म सप्टेंबर इ.स.पूर्व ६३ मधला, मृत्यू ऑगस्ट इ.स. १४ मधला. बेरीज ७७ येते, पण शून्य वर्ष नसल्याने एक वजा करावा लागतो. त्यात ७६ वा वाढदिवस महिनाभरावर होता, म्हणजे वय ७५. एकविसावं शतकही याच कारणाने १ जानेवारी २००१ ला सुरू झालं. जगाने जल्लोष मात्र वर्षभर आधीच उरकला होता.

गंमत म्हणजे डायोनिसियसचा मूळ हिशेबही चुकला असावा. बायबलनुसार येशूचा जन्म हेरोद राजाच्या काळात झाला आणि बहुतेक इतिहासकार हेरोदाचा मृत्यू इ.स.पूर्व ४ मध्ये मानतात. म्हणजे ख्रिस्ताचा जन्मच ‘ख्रिस्तपूर्व’ काळातला ठरतो!

आता अनेक अभ्यासक ‘एडी’ऐवजी ‘सीई’, म्हणजे ‘कॉमन एरा’ लिहितात. धर्माचा उल्लेख गेला, वर्षाचा आकडा मात्र डायोनिसियसचाच राहिला.