फॉरमॅट मारण्यापूर्वी थोडे थांबा

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेतील संगणकावर एके दिवशी लेखनाचा प्रोग्रॅम उघडेना. ‘विंडोजला ही फाइल सापडत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी पडद्यावर आली. दुरुस्तीवाल्याने पाहिले न पाहिले आणि सांगून टाकले, “फॉरमॅट मारावा लागेल.” वस्तीतील वडीलधाऱ्यांनी विश्वासाने दिलेली जुनी छायाचित्रे त्याच संगणकात होती. त्यात १९५६ साली दीक्षेसाठी नागपूरला गेलेली मंडळीही होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती. एका आजींनी विचारले, “मग माझ्या फोटोचं काय?” म्हणून आम्ही थांबलो.

बंधू-भगिनींनो, एक फरक ध्यानात घ्या. ज्या फाइलच्या नावाशेवटी ‘डॉट ईएक्सई’ असते, ती प्रोग्रॅम चालविणारी फाइल. ती हरवली किंवा बिघडली तर पुन्हा आणता येते. छायाचित्रे, जातीचे दाखले, मुलांचे प्रकल्प या वेगळ्या फाइली. बहुधा त्यांना काहीच झालेले नसते. फॉरमॅटमध्ये मात्र त्याच जातात. म्हणून पहिले काम, त्यांची प्रत पेनड्राइव्हवर घेणे.

मग कारण शोधावे. आपण कार्यकारणभाव मानणारी माणसे, पण संगणकापुढे मात्र ‘नशीब’ म्हणून हात टेकतो! पुष्कळदा अँटिव्हायरसनेच ती फाइल संशयावरून कोंडून ठेवलेली असते. विंडोज सिक्युरिटीत ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ उघडली की तिचे नाव दिसते. संशय खराही असू शकतो. १९९९ च्या २६ एप्रिलला जगभर संगणक बंद पाडणारा सीआयएच व्हायरस अशाच ईएक्सई फाइलींच्या रिकाम्या जागेत लपून बसत असे. त्यामुळे कोंडलेली फाइल डोळे मिटून सोडवू नये. प्रोग्रॅम काढून टाकावा आणि मूळ कंपनीकडूनच पुन्हा घ्यावा. हरवलेली फाइल फुकट देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांच्या वाटेला तर जाऊच नये.

‘हा वैध प्रोग्रॅम नाही’ असा संदेश आला, तर डाउनलोड अर्धवट झाले असेल, किंवा ३२ बिटच्या विंडोजवर ६४ बिटचा प्रोग्रॅम चालविला जात असेल. विंडोजचीच फाइल बिघडली असेल तर ‘कमांड प्रॉम्प्ट’ अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावे. तिथे ‘एसएफसी’, एक जागा सोडून तिरकी रेघ, तिला जोडून ‘स्कॅननाऊ’ असे इंग्रजीत टंकावे. तपासणीला वेळ लागतो. मध्येच संगणक बंद करू नये. आणि दुरुस्त केलेल्या फाइली पुन्हा पुन्हा बिघडू लागल्या तर हार्ड डिस्कच थकली आहे असा संशय घ्यावा.

आमच्या बाबतीत अँटिव्हायरसचाच प्रताप होता. बारावीतल्या एका मुलीने प्रोग्रॅम नव्याने बसविला. अर्धा तास लागला, खर्च शून्य. छायाचित्रांच्या आता दोन प्रती आहेत. एक विहाराच्या कपाटात आणि दुसरी, हट्टाने मागून घेतलेली, आजींच्या पत्र्याच्या पेटीत.