विटलिशच्या तुरुंगातलं उपोषण

विटलिश हे नाव महाराष्ट्रातल्या वाचकांनी ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. आम्ही राहतो त्या त्रियरपासून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर, आयफेलच्या डोंगराळ भागाला लागून असलेलं हे लहानसं शहर. ऑगस्टमध्ये इथे मोठी जत्रा भरते. तिच्यामागची दंतकथा गमतीची आहे. वेशीच्या दरवाजाचा अडसर सापडेना, म्हणून पहारेकऱ्याने तिथे सलगमासारखा एक कंद खोचला. डुकराने तो खाऊन टाकला आणि शत्रू आत शिरला! त्या रागात गावाने डुकरं भाजली, आणि अजूनही जत्रेत डुकराचं मांस भाजलं जातं. आमच्यासारखे शाकाहारी तिथे बटाट्याच्या थालिपिठासारख्या पदार्थावर भागवतात.

पण साठी ओलांडलेल्या जर्मन माणसासमोर विटलिशचं नाव काढलं, की त्याला जत्रेआधी तुरुंग आठवतो. माझा एक सहकारी तिथलाच, आता निवृत्तीला आलेला. तो म्हणाला, ‘‘मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या घरात त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. वडील म्हणायचे, बरं झालं मेला. आणि मोठा भाऊ उठून जायचा.’’

मेला तो होल्गर माइन्स. तारीख 9 नोव्हेंबर 1974, शनिवार. वय 33. सहा फुटांहून उंच असलेल्या या माणसाचं वजन मृत्यूच्या वेळी 39 किलो होतं. जवळपास दोन महिने तो तुरुंगातल्या एकांतवासाविरुद्ध उपोषणावर होता.

कॅमेरामन ते कैदी

माइन्स हॅम्बुर्गचा. 1966 मध्ये बर्लिनला चित्रपट अकादमी सुरू झाली, तिच्या पहिल्याच तुकडीचा तो विद्यार्थी. कॅमेऱ्यावर त्याचा हात चांगला होता, असं त्याच्याबरोबर शिकलेले लोक सांगत. व्हिएतनाम युद्धाविरुद्धची आंदोलनं, विद्यार्थ्यांवरचा पोलिसी गोळीबार, आणि नाझी काळात अधिकारपदावर असलेली माणसं पुन्हा खुर्चीत बसलेली पाहून आलेला संताप, हे सगळं त्या पिढीत उकळत होतं. त्यातले बहुतेक जण पुढे शिक्षक झाले, वकील झाले, काही ग्रीन पक्षात गेले. थोड्यांनी बंदूक घेतली. आंद्रेआस बाडर, गुड्रुन एन्सलिन, उलरिके माइनहॉफ यांच्या ‘रोटे आर्मे फ्राक्सिओन’ म्हणजे ‘आरएएफ’ या गटात माइन्स गेला.

पोलिसांनी लावलेल्या पोस्टरवर या मंडळींना ‘अराजकतावादी हिंसक गुन्हेगार’ म्हटलं होतं. खरं तर आरएएफ स्वतःला मार्क्स-लेनिनच्या वाटेवरचा गट मानत असे. अराजकतावादाच्या जवळचा होता तो बर्लिनमधला ‘2 जून चळवळ’ हा दुसरा गट. आपल्याकडेही ‘अराजक’ म्हटलं की नुसता गोंधळ डोळ्यांसमोर येतो. मुळात तो राज्यसत्ताच नको म्हणणारा एक राजकीय विचार आहे. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये सावरकरांबरोबर असलेले एम. पी. टी. आचार्य 1920च्या दशकात बर्लिनमध्ये राहून याच विचाराचे झाले होते आणि शेवटची वर्षं त्यांनी मुंबईत काढली. पण 1972च्या जर्मनीत तो शब्द म्हणजे शिवीच होती.

आणि त्या गटाने केलेलं काही साधं नव्हतं. मे 1972 मध्ये त्यांनी फ्रँकफर्ट, हायडेलबर्ग, हॅम्बुर्ग अशा शहरांत बॉम्बस्फोट केले. चार अमेरिकी सैनिक मेले, अनेक लोक जखमी झाले. हॅम्बुर्गच्या वृत्तपत्र-इमारतीत जखमी झालेले तर साधे कामगार-कर्मचारी होते. 1 जूनला फ्रँकफर्टमधल्या एका गॅरेजला वेढा घालून पोलिसांनी बाडर, यान-कार्ल रास्पे आणि माइन्स यांना पकडलं. माइन्सला फक्त अंतर्वस्त्रावर बाहेर यायला लावलं होतं. ते दृश्य देशभर टीव्हीवर दिसलं.

भिंती, दिवा आणि शांतता

त्यानंतर सुरू झाला तो एकांतवास. माइनहॉफला कलोनच्या ओसेनडोर्फ तुरुंगात जवळपास आठ महिने एका रिकाम्या विभागात ठेवलं होतं. कैद्यांनी त्याला नाव दिलं ‘मृत विभाग’. भिंती पांढऱ्या, दिवा सतत चालू, आजूबाजूच्या कोठड्या रिकाम्या, कुणाचा आवाज कानावर पडत नाही. आस्ट्रिड प्रोल या दुसऱ्या कैदी तरुणीची तब्येत अशा कोठडीत इतकी ढासळली, की 1974 मध्ये तिचा खटला थांबवून तिला सोडावं लागलं.

माइन्स 1973 पासून विटलिशला होता. एकट्याची कोठडी, एकट्याने अंगणात फेऱ्या, पत्रांवर नजर, इतर कैद्यांशी संबंध नाही. सरकारची बाजू अशी होती, की त्यांना पुस्तकं मिळतात, वर्तमानपत्रं मिळतात, वकील भेटतात. मग छळ कसला? आणि सरकारची भीतीही अगदीच खोटी नव्हती. वकिलांमार्फत कैद्यांचे निरोप इकडून तिकडे जात होते, पुढे स्टामहाइमच्या तुरुंगात पिस्तुलंही पोचली.

13 सप्टेंबर 1974 ला आरएएफच्या कैद्यांनी तिसरं सामूहिक उपोषण सुरू केलं. एकांतवास बंद करा, ही मुख्य मागणी. आपल्या दृष्टीने या तारखेला एक वेगळा अर्थ आहे. बरोबर 45 वर्षांपूर्वी, 13 सप्टेंबर 1929 ला, लाहोरच्या तुरुंगात जतिन दास 63 दिवसांच्या उपोषणानंतर गेले होते. दोघांच्या कामाची तुलना मी करत नाही. पण तुरुंगात माणसाजवळ लढायला शेवटी काय उरतं, तर स्वतःचं पोट, एवढं दोन्हीकडे सारखं आहे.

जर्मनीत याला ‘हुंगरश्ट्राइक’ म्हणतात, म्हणजे भुकेचा संप. आपल्या ‘उपवास’ आणि ‘उपोषण’ या शब्दांचं मूळ मात्र ‘जवळ राहणं’ असं आहे. येरवड्यात 1932 मध्ये गांधीजींनी उपोषण केलं तेव्हा त्यांच्याभोवती माणसांची रीघ होती. त्यातूनच पुणे करार झाला. विटलिशच्या कोठडीत जवळ कुणीच नव्हतं, आणि तक्रार नेमकी तीच होती.

शेवटचे दिवस

काही आठवड्यांनी माइन्सला सक्तीने अन्न द्यायला सुरुवात झाली. ऐकायला हे औषधोपचारासारखं वाटतं. प्रत्यक्षात माणसाला बांधून ठेवायचं, तोंड उघडं राहील असं पाहायचं आणि घशातून नळी आत घालायची, असा तो प्रकार. अंदमानात 1933च्या उपोषणात महावीर सिंग, मोहित मोइत्रा आणि मोहन किशोर नामदास हे तिघे असंच सक्तीने अन्न भरवताना गेले. माइन्सला जे मिळत होतं ते शेवटच्या दिवसांत जगण्याइतकं नव्हतं. त्याला स्टामहाइमला हलवण्याचा न्यायालयाचा आदेश होता, पण ठरलेली तारीख उलटून गेली तरी तो विटलिशमध्येच राहिला. त्या शनिवारी तुरुंगाचा डॉक्टर सुट्टीसाठी बाहेरगावी गेला होता. वकील झिगफ्रीड हाग भेटायला आले, तेव्हा माइन्सला स्ट्रेचरवरून आणावं लागलं. भेटीनंतर काही तासांतच तो गेला.

एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच्यावर दबाव फक्त सरकारचा नव्हता. गटाच्या नेत्यांना उपोषण थांबवायचं नव्हतं, कुणीतरी मरणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. माइन्स स्वतःही तितकाच कठोर. उपोषण मध्येच सोडणाऱ्या साथीदाराला त्याने मृत्यूच्या काही दिवस आधी अतिशय बोचरं पत्र लिहिलं. एकट्या कोठडीत माणूस स्वतःशीच किती निष्ठुर होऊ शकतो, हे त्यातून दिसतं.

मग जे झालं ते भयंकर. दुसऱ्याच दिवशी, 10 नोव्हेंबरला, बर्लिनच्या उच्च न्यायालयाचे अध्यक्ष ग्युंटर फॉन ड्रेंकमान यांना त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घालून मारलं गेलं. दाराशी आलेली मंडळी ‘2 जून चळवळी’ची होती. ड्रेंकमान यांचा माइन्सच्या खटल्याशी संबंध नव्हता. आदल्या दिवशी त्यांचा 64वा वाढदिवस होता. 18 नोव्हेंबरला हॅम्बुर्गमध्ये माइन्सच्या दफनाच्या वेळी विद्यार्थी नेता रुडी डुचके मूठ उंचावून म्हणाला, ‘‘होल्गर, लढा चालूच राहील.’’ पुढच्या एप्रिलमध्ये माइन्सचं नाव घेतलेल्या टोळीने स्टॉकहोमची जर्मन वकिलाती ताब्यात घेतली आणि दोन जर्मन अधिकाऱ्यांना ठार केलं. माइन्सला शेवटचं भेटलेले वकील हागदेखील भूमिगत होऊन त्या गटात गेले. मृत माइन्सचा फोटो खिशात बाळगणारा हान्स-योआखिम क्लाइन हा तरुण डिसेंबर 1975 मध्ये व्हिएन्नात ओपेकच्या मंत्र्यांवरच्या हल्ल्यात होता. त्या एका फोटोने जितके तरुण त्या वाटेला लावले, तितके कुठल्याच पत्रकाने लावले नसतील.

4 डिसेंबर 1974 ला तत्त्वज्ञ सार्त्र बाडरला भेटायला स्टामहाइमला आला. भेटीनंतर त्याने पत्रकारांसमोर कोठडीचं जे वर्णन केलं ते खरं तर भेटीच्या खोलीचं होतं. विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. पण पुढच्याच वर्षी न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनीच सांगितलं, की हे कैदी दिवसाला तीनेक तासांपेक्षा जास्त खटल्याला बसू शकत नाहीत, आणि त्यांना इतर माणसांत मिसळू द्यायला हवं. 1978 मध्ये युरोपीय मानवाधिकार आयोगाने बाडर, एन्सलिन आणि रास्पे यांची तक्रार फेटाळली. मात्र, सगळी ज्ञानेंद्रियं आणि सगळा माणसांचा संबंध तोडला तर व्यक्तिमत्त्व उद्ध्वस्त होऊ शकतं, हेही आयोगाने मान्य केलं. तक्रार करणारे तिघेही तोवर जिवंत नव्हते. 18 ऑक्टोबर 1977 ला ते स्टामहाइममध्ये मृतावस्थेत सापडले होते.

‘अतिरेक्यांचे कसले लाड?’

आमच्याकडे मराठी मंडळींचं जेवण होतं तेव्हा हा विषय निघाला. एक मित्र तावातावाने म्हणाला, ‘‘अरे, बॉम्ब फोडणाऱ्यांचे कसले लाड? बसू दे की एकटं!’’ मुंबईत 1993 आणि 2008 पाहिलेल्या माणसाची ही प्रतिक्रिया मला समजते. माझ्या मनातही ती पहिल्यांदा उमटली होती.

पण आपण कुठल्या गोष्टींवर वाढलो ते आठवा. अंदमानच्या सेल्युलर जेलचं नावच कोठडीवरून, ‘सेल’वरून, पडलेलं. शिक्षा नुसती कोलूची नव्हती, शेजारच्याचं तोंड दिसू नये अशी ती इमारत होती. ब्रिटिश सरकारच्या दप्तरात आपले लोकही हिंसक गुन्हेगारच होते. तेव्हा एकांतवास अमानुष होता, तर तो कैदी कोण आहे यावरून माणुसकीचा होत नाही. शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणं. बुद्धी आणि जीव काढून घेणं हे न्यायालयाने सांगितलेलं नसतं. शिवाय माइन्सवरचा खटला सुरूही व्हायचा होता. स्टामहाइमचा तो खटला मे 1975 मध्ये सुरू झाला. बॉम्बस्फोटात जखमी झालेल्यांना त्याच्या तोंडून एकही उत्तर मिळालं नाही. न्याय कुणालाच मिळाला नाही, ना त्याला, ना त्यांना.

जर्मनी यातून काही शिकली. 1977 पासून लागू झालेल्या तुरुंग कायद्यात वर्षभरात तीन महिन्यांपेक्षा जास्त एकांतवास द्यायचा, तर वरच्या अधिकाऱ्यांची संमती लागेल, असं आलं. 1981 मध्ये हॅम्बुर्गमध्ये झिगुर्ड डेबुस हा आणखी एक उपोषणकर्ता कैदी गेला. 1985 मध्ये कायदा बदलून, कैदी स्वतःच्या इच्छेने निर्णय घेऊ शकत असेल तोवर त्याला सक्तीने भरवण्याचं बंधन प्रशासनावर राहिलं नाही. 2015 च्या संयुक्त राष्ट्रांच्या ‘मंडेला नियमां’नी तर सलग 15 दिवसांपेक्षा जास्त एकांतवास निषिद्धच ठरवला.

तरी प्रश्न मिटलेला नाही. इटलीत आल्फ्रेदो कोस्पितो या अराजकतावादी कैद्याने तिथल्या कडक ‘41-बिस’ एकांतवासाविरुद्ध ऑक्टोबर 2022 पासून एप्रिल 2023 पर्यंत उपोषण केलं. जर्मनीतलं ताजं प्रकरण माया टी. यांचं. इथली वर्तमानपत्रं आडनाव छापत नाहीत. येना शहरातल्या, स्वतःला स्त्री किंवा पुरुष न म्हणवणाऱ्या या तरुण फॅसिझमविरोधी व्यक्तीवर बुडापेस्टमध्ये नवनाझी समजून लोकांना मारहाण केल्याचा आरोप ठेवला गेला. 28 जून 2024 ला सकाळी 10 वाजता त्यांना हंगेरीच्या ताब्यात दिलं गेलं, आणि प्रत्यार्पण थांबवा, असा कार्ल्सरूहच्या घटनापीठाचा आदेश आला 10 वाजून 50 मिनिटांनी! तिथल्या एकांतवासाविरुद्ध त्यांनी 5 जून ते 14 जुलै 2025 असं 40 दिवस उपोषण केलं. त्याआधीच, फेब्रुवारी 2025 मध्ये, हे प्रत्यार्पण बेकायदा होतं असा घटनापीठाचा निर्णय जाहीर झाला होता. हंगेरीतल्या तुरुंगाची स्थिती पुरेशी तपासली नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. न्यायालयाने सरकारला सुनावलं हे खरं, पण 50 मिनिटांचा उशीर काही भरून निघाला नाही.

आपण परदेशात राहणारी माणसं. इथे मतदानाचा हक्क नसलेले आपल्यातले कितीतरी जण या देशाच्या कायद्याच्या भरवशावर मुलंबाळं वाढवत आहोत. तो कायदा सज्जन, कर भरणाऱ्या परदेशी इंजिनिअरशी कसा वागतो यावरून त्याची परीक्षा होत नाही. ज्याच्याबद्दल कुणालाच सहानुभूती नाही, त्याच्या कोठडीचं दार लागल्यावर काय होतं, तिथे ती होते. मित्राला मी एवढंच म्हणालो, की बॉम्ब फोडणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, पण शनिवारी डॉक्टर सुट्टीवर गेला म्हणून कुणी मरता कामा नये. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, ‘‘एवढं मान्य.’’