जुना सँडर आणि बंगईची फळी

सन २०२१ मध्यें अमरावतीस अंबागेटाच्या आंतील आमचें वडिलोपार्जित घर उतरविलें. भावंडांत वांटणी झाली, तेव्हां मीं ओसरीवरील बंगईची फळी तेवढी मागून घेतली. (आम्हां वऱ्हाडकरांची बंगई म्हणजे झोपाळा, हें पुण्याकडील वाचकांकरितां सांगितलें पाहिजे.) पांच फूट लांब, वीस इंच रुंद, दीड इंच जाड अशी ती अखंड सागवानी फळी. परतवाड्याच्या बाजारांतून आणलेलें मेळघाटचें लांकूड, असें वडील सांगत. वरती तीन पिढ्यांच्या तेलामळाचे व रोगणाचे थर. आणि एका टोकास माझ्या थोरल्या आत्यांनीं लहानपणीं खिळ्यानें कोरलेला वाघबकरीचा पट. त्याच्या रेघा जेमतेम एक मिलिमीटर खोल.

रंधा मारण्याविषयीं विचारतांच आमच्या सुतारानें हात जोडले. सागाच्या अंगांत वाळूचाच एक अंश असतो. त्यामुळें पातें लवकर बोथटतें, आणि तंतू उलटसुलट असले कीं टवके निघतात. अशा कामास ड्रम सँडर हें यंत्र बरें. आडव्या लोखंडी रुळास काचकागद गुंडाळलेला असतो. तो रूळ विजेच्या मोटारीनें गरगर फिरतो, आणि खालचा सरकता पट्टा फळीस सावकाश त्याच्याखालून नेतो. धार लावण्याच्या दगडास संस्कृतांत शाण म्हणतात. आपल्या देवघरांतील सहाण ही त्याच शब्दाची लेक. सहाणेवर चंदन झिजतें, येथें साग झिजतो, इतकेंच.

२०२३ सालीं अकोल्यांत फर्निचरचा एक कारखाना बंद होत होता. तेथील चोवीस इंची जुना सँडर विकावयाचा आहे असें कळलें. पाचर उपटणाऱ्या वानराची पंचतंत्रांतील गोष्ट आमच्या घरांतून मला ऐकविण्यांत आली. ती मींच पस्तीस वर्षें मुलांना शिकविली असल्यामुळें प्रत्युत्तर सुचेना. तरीहि गेलों.

जुनें यंत्र घेतांना त्याचा रंग पाहूं नये. मोटार बंद करून रूळ दोन्ही हातांनीं हलवावा. तो खुळखुळला तर बेअरिंग गेलें असें समजावें. मग यंत्र चालवून आवाज ऐकावा, पट्टा एका बाजूस सरकतो कीं काय तें पाहावें. हें सर्व मीं केलें. मुख्य परीक्षा मात्र राहिली. सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या रुळाच्या दोन टोकांखालून एकाच वेळीं घालाव्या आणि बाहेर आल्यावर पुन्हां मोजाव्या. विकणारे गृहस्थ "सर्व ठीक आहे, गुरुजी," म्हणाले, आणि 'गुरुजी' या शब्दावर मी भुललों. मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून टेम्पोनें यंत्र घरीं आणलें. पट्ट्या घालून पाहिल्या, तों एक दुसरीहून अर्धा मिलिमीटर पातळ! रूळ व खालचें मेज समांतर नव्हतें. स्क्रू फिरवीत दोन दिवस गेले. शिवाय मोटार थ्री-फेजची आणि घरांत वीज सिंगल-फेजची. म्हणून दोन अश्वशक्तीची दुसरी मोटार बसवावी लागली. हा खर्च मीं किंमतींत धरलाच नव्हता.

धुळीविषयीं निक्षून सांगतों. पहिल्या दिवशीं नाकास नुसतें उपरणें बांधलें होतें. रात्रभर शिंका आल्या व मनगटांस खाज सुटली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं लांकडाची धूळ कर्करोगकारक द्रव्यांत घातली आहे. दुसऱ्या दिवसापासून धूळ ओढणारा पंखा यंत्रास जोडला आणि नीट मास्क घेतला.

फळीची खालची बाजू आधीं केली. साठ नंबरचा कागद, मग ऐंशी, मग एकशेंवीस. एका वेळीं पाव मिलिमीटराहून अधिक उतरवावयाचें नाहीं, हा नियम. वरच्या बाजूचें रोगण खरवडून काढलें, परंतु तेलकट लांकडानें कागद भरत चालला होता याकडे माझें लक्ष नव्हतें. धीर सुटला, आणि मीं चाक अर्धा फेरा जास्त फिरविलें. फळी मध्येंच अडली. करपल्याचा वास आला. यंत्र बंद करीपर्यंत फळीच्या ऐन मध्यावर दोन बोटें रुंदीचा काळा पट्टा उमटला होता.

हातानें तेवढाच भाग घासावा तर खळगा पडणार. यंत्रानें सबंध फळी मिलिमीटरभर उतरवावी तर डाग जाणार, परंतु त्याबरोबर पटहि जाणार. आठ दिवस ती फळी भिंतीशीं उभी होती. शेवटीं अकोल्यास आत्यांना फोन केला. त्यांचें वय अठ्ठ्याऐंशी.

"डागावर मी बसेन," त्या म्हणाल्या. "पटाला हात लावूं नकोस, बाळ."

पुढील काम हातानेंच केलें, तेंहि पट सोडून. मग जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. तेलाच्या चिंध्या दोरीवर पसरून वाळविल्या. त्या गोळा करून टाकल्यास आपोआप पेट घेऊं शकतात. दिवाळीस आत्या आल्या, डागावर बसल्या, आणि पहिल्याच डावांत त्यांच्या बकऱ्यांनीं माझे वाघ कोंडले.