यंत्राबरोबर त्याचा ॲडॉप्टरही द्या



पाड्यांवरील मुलांच्या वर्गांसाठी, आरोग्य शिबिरांसाठी आणि भक्तीसाठी आपण कीबोर्ड, रेडिओ, रक्तदाब मोजण्याचे यंत्र अशा वस्तू प्रेमाने देता. पुष्कळदा वस्तू चांगली असते, पण तिचा ॲडॉप्टर घरीच राहिलेला असतो किंवा भलताच सोबत येतो. सातारा-सांगलीत दुकानात जाऊन दुसरा आणता येतो. जावळी-पाटणच्या डोंगरातल्या कातकरी वस्तीवरून किंवा शिराळा तालुक्यात चांदोलीच्या बाजूने तेवढ्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते. मग हाताशी असेल तो ॲडॉप्टर लावून पाहिला जातो, आणि चालू यंत्र जळून बसते.

घरातली वीज २३० व्होल्टची आणि उलटसुलट वाहणारी. लहान यंत्राला ५, ६, ९ किंवा १२ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. हा बदल ॲडॉप्टर करतो. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ लिहिलेले असते. एक सरळ रेघ व तिच्याखाली तुटक रेघ असेल तर वीज एका दिशेची. नागमोडी रेघ असेल तर तो ॲडॉप्टर या यंत्रांसाठी नाही.

व्होल्ट यंत्रावर लिहिलेत तेवढेच हवेत. अँपिअर मात्र तेवढे किंवा जास्त चालतात. लोक नेमके यालाच घाबरतात. हौदात पाणी जास्त आहे म्हणून तांब्या फुटत नाही, तो आपल्यापुरतेच घेतो. अँपिअर कमी पडले तर ॲडॉप्टर तापतो, कीबोर्ड मोठ्या आवाजात वाजवला की मध्येच बंद पडतो.

सर्वांत जास्त नुकसान होते ते पिनेच्या खुणेमुळे, कारण तिकडे कोणी पाहतच नाही. लेबलवर मधे एक ठिपका, त्याभोवती अर्धे वर्तुळ आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणे अशी छोटी आकृती असते. पिनेच्या आत अधिक आहे की बाहेर, हे ती सांगते. आपल्या चर्चमधलेच उदाहरण घ्या. कॅसिओचे बरेच जुने कीबोर्ड ९ व्होल्टचे, आणि त्यांच्या पिनेत मध्यभागी उणे. यामाहाचे बरेचसे १२ व्होल्टचे, मध्यभागी अधिक. पिना दिसायला सारख्या, एकमेकींच्या भोकात बसतातही. म्हणून ‘पीन बसली’ हा पुरावा धरू नये. (मिरजेच्या तंबोऱ्याला यातले काही लागत नाही, हे त्याचे भाग्य!) उलट जोडणीने यंत्र गेले तरी लगेच भंगारात टाकू नका. कित्येक यंत्रांत आतला एक छोटा डायोड स्वतः जळून बाकीचे वाचवतो, आणि तो बदलणे कारागिराला अवघड नसते.

वस्तीवर आणखी एक अडचण असते. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट, धरण पाटण तालुक्यातच. तरी लाइनच्या टोकाच्या घरात विजेचा दाब उतरलेला असू शकतो. जुना, हाताला जड लागणारा ॲडॉप्टर अशा वेळी कमी व्होल्ट देतो आणि यंत्र घरघरते. ज्याच्या ‘इनपुट’वर १०० ते २४० व्होल्ट लिहिले आहे तो हलका ॲडॉप्टर हा उतार सहन करतो. डोंगरावर तसलाच पाठवावा. सौर दिव्याच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर मात्र कीबोर्ड थेट जोडू नये. चार्ज होताना ती १४ व्होल्टच्या वर जाते.

ॲडॉप्टर बंद पडला असे वाटले तर आधी वायर पाहा. ती बहुधा पिनेच्या मानेपाशी, सतत वाकून आतल्या आत तुटते. तिथे हलवल्यावर यंत्र चालू-बंद झाले तर तेवढा तुकडा कापून नवी पीन जोडता येते. जोडल्यावर अधिक-उणे मल्टिमीटरवर तपासल्याशिवाय लावू नये. वायर ठीक असेल तर यंत्राच्या भोकामागचा टाका सुटलेला असू शकतो. वायरीत पाय अडकून कीबोर्ड ओढला गेला की हे होते. ॲडॉप्टरची डबी मात्र घरी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ ते टिकून राहतात.

आता विनंती. वस्तू देताना तिचा ॲडॉप्टर दोरीने तिलाच बांधा आणि दोन्हींवर चिकटपट्टी लावून व्होल्ट, अँपिअर व मधली खूण लिहा. आतले सेल काढून ठेवा. ते पाझरले की पत्र्या हिरव्या पडतात. पडल्याच असतील तर कापसाला थोडे व्हिनेगर लावून पुसा व कोरड्या करा. घरात बंद पडलेल्या इंटरनेट राउटरचा ॲडॉप्टर असेल तर तोही द्या. तो बहुधा १२ व्होल्टचा, मध्यभागी अधिक असतो, आणि अँपिअर पुरत असतील तर वस्तीवरचा एखादा मुका कीबोर्ड त्यावर पुन्हा वाजू लागतो.