मनाईची यादी : पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार

शिकारीचा सर्वांत खात्रीचा मार्ग कोणता, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने शिकारकथा वाचू नयेत. शिकारीचे नियम वाचावेत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात परवानाधारकांसाठी अशी एक नियमपुस्तिका निघते. तिथे मी सात वर्षे राहत होते. बंदूक कधी हातात धरली नाही, पण ही पुस्तिका मात्र दरवर्षी वाचली. रात्री दिव्याच्या झोतात हरीण टिपू नये. मोटारीतून गोळी झाडू नये. मीठ किंवा मका टाकून त्यावर आलेले हरीण मारू नये (याला थोडे अपवाद आहेत). हरणामागे कुत्री सोडू नयेत. सेमी-ऑटोमॅटिक रायफल वापरू नये. पंचविसांहून अधिक माणसांनी मिळून हाका घालू नये. यातली प्रत्येक मनाई म्हणजे एके काळची यशस्वी रीत आहे.

हे पांढऱ्या शेपटीचे हरीण आकाराने आपल्या चितळाच्या जवळपासचे, उत्तरेकडे बरेच थोराड. उन्हाळ्यात तांबूस, हिवाळ्यात करडे. पाडसांच्या अंगावर ठिपके असतात, मोठेपणी ते जातात. बिथरले की शेपूट उभारून पळते आणि झाडीत तो पांढरा झुबका तेवढा दिसत राहतो. चितळ-सांबरांप्रमाणेच नराची शिंगे दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट किंवा चिंकारा यांचे तसे नसते, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण मराठीत आपण सगळ्यांनाच हरीण म्हणून मोकळे होतो.

युरोपीय माणसे येण्यापूर्वी तिथले मूळ रहिवासी ज्या रीतींनी हरीण मारत त्या आपल्याला परक्या वाटणार नाहीत. हाका, फास, वणवा लावून कळप एका तोंडाशी कोंडणे. वाघूर, हाका, मचाण, सावज, माग हे शब्द मराठीत अजून आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यामागची क्रिया संपली आणि शब्द नुसतेच मागे उरले. पेनसिल्व्हेनियात उलटे झाले. क्रिया राहिली, पण तिच्यातले एकेक साधन काढून घेतले गेले.

ते का काढून घ्यावे लागले, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे. जंगले तुटली, आगगाड्या आल्या आणि हरणाचे मांस शहरांच्या बाजारात विकले जाऊ लागले. विक्रीसाठी मारणाऱ्याला खेळाशी देणेघेणे नसते. तो रात्री होडीच्या टोकाला दिवा लावी. काठावरच्या हरणाचे डोळे त्यात चमकत, ते जागीच थिजे, आणि मग नेम चुकायला फारसे कारण उरत नसे. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडील तळ्यांत कुत्र्यांकरवी हरीण पाण्यात हाकत आणि होडीतून गाठून मारत. विन्स्लो होमर या चित्रकाराचे १८९२चे एक चित्र आहे : होडीत वाकलेला पोरगा हरणाचे शिंग धरून आहे आणि कुत्रा पोहत येतो आहे. चित्र सुंदर आहे. त्यातली रीत पाहताना घसा कोरडा होतो.

१९००च्या सुमारास साऱ्या अमेरिकेत ही हरणे तीन ते पाच लाखच उरली असावीत, असा अंदाज केला जातो. पेनसिल्व्हेनियाने १९०६ साली मिशिगनमधून हरणे आणून आपल्या जंगलात सोडली आणि १९०७ साली मादी मारायला बंदी केली. रानातले मांस विकायचे नाही, हा नियमही त्याच पिढीचा. मला सगळ्यांत महत्त्वाचा तोच वाटतो, कारण त्याने शिकारीतला पैसाच काढून घेतला. १९३७पासून बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागला. पुढे त्यात धनुष्यबाणही आले. आज देशभरात ही हरणे तीन कोटींच्या आसपास आहेत असे मानतात.

आता हत्यारांकडे येऊ.

रायफलीबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. विंचेस्टरची १८९४ची, खटका खालीवर करून काडतूस भरायची रायफल कित्येक घरांत आजोबांकडून नातवाकडे आलेली असते. आता बहुतेकांकडे दुर्बीण बसवलेल्या बोल्टच्या रायफली आहेत आणि दोनशे यार्डांवरचे हरीण त्यांच्या टप्प्यात सहज येते. गोळी मात्र अंगात शिरल्यावर पसरणारी हवी. संपूर्ण कवचाची लष्करी गोळी बारीक भोक पाडून आरपार जाते आणि जखमी जनावर मैलभर दूर जाऊन तडफडत मरते, म्हणून तिला मनाई आहे.

खरी गंमत नाताळनंतरच्या हंगामात. १९७४पासून पेनसिल्व्हेनियात चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम आहे. अठराव्या शतकात याच राज्यातल्या जर्मन कारागिरांनी घडवलेल्या लांब नळीच्या बंदुकांची ही पिढी. नळीत दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची, बाहेरच्या पात्रात चिमूटभर रंजक ठेवायची. घोडा ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी पडते, रंजक पेटते, आणि मग आतली दारू. या दोन पेटण्यांमध्ये कानाला जाणवेल एवढे अंतर राहू शकते आणि तेवढा वेळ नेम हलू न देणे हीच या बंदुकीची विद्या. बर्फाच्या दिवसांत रंजक ओलावले तर नुसतेच फुस्स होते. आमच्या शेजारी एक निवृत्त सुतार राहत. रायफलीच्या हंगामात हरीण मिळाले असले तरी ते जानेवारीत ही बंदूक घेऊन जातच. ‘मिळत नाही म्हणूनच जातो,’ असे म्हणत. त्यात थोडी ऐट होती, पण खोटे नव्हते.

धनुष्याची कथा याच्या नेमकी उलट आहे. धनुष्याचा हंगाम लांब ठेवला गेला, कारण हत्यार दुबळे होते. साध्या लाकडी धनुष्याने वीस यार्डांपलीकडे भरवसा नसतो, शिवाय दोरी पूर्ण ओढली की सगळा भार बोटांवर येतो आणि हात कापू लागतात. मिसुरीच्या होलिस विल्बर ॲलन यांनी धनुष्याच्या टोकांना कप्प्या बसवल्या. १९६९ साली त्यांना पेटंट मिळाले. कप्प्या मध्याशी नसून एका बाजूला सरकवलेल्या अक्षाभोवती फिरतात, त्यामुळे ओढताना मध्ये पूर्ण ताण लागतो, पण शेवटी तो एकदम उतरतो. सत्तर पौंडांचे धनुष्य ओढून धरायला चौदा-पंधरा पौंडांचाच भार पडतो. म्हणजे नेम धरून थांबता येते. थांबता येणे हीच तर बंदुकीची सोय होती! पुढे २००९ साली पेनसिल्व्हेनियाने आडव्या धनुष्यालाही, म्हणजे क्रॉसबोलाही, धनुष्याच्या हंगामात घेतले. त्याची दोरी आधीच चढवलेली असते आणि खांद्याला लावून खटका ओढायचा असतो. कायदा साधन काढून घेतो आणि कारखानदार तेच साधन वेगळ्या आकारात परत विकतो. शंभर वर्षांची ही रस्सीखेच हाच माझ्या मते या विषयाचा गाभा आहे.

तरीही हरीण त्यात पुरते हरत नाही. या धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण २८० फूट जातो, आवाज ११०० फूट. पंचवीस यार्डांवर बाण पोचायला पाव सेकंदाहून थोडे अधिक लागते. दोरीचा टणत्कार त्याआधीच पोचलेला असतो. दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबते आणि छातीवर धरलेला बाण पाठीवरून निघून जातो. म्हणून अनुभवी माणूस सावध हरणावर बाण सोडत नाही; कान ढिले पडून ते चरू लागेपर्यंत थांबतो. बाण धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. पाते वस्तऱ्यासारखे धारदार नसेल तर ते क्रौर्यच.

बाकीची बहुतेक विद्या बसण्याची आहे. झाडावर पंधरा-वीस फुटांवर टांगलेली लोखंडी बैठक, म्हणजे मचाणच. या शिकारीत गोळी लागून होणाऱ्या अपघातांची चर्चा फार होते, पण मचाणावरून पडणे हा खरा नित्याचा धोका आहे, म्हणून कमरेपासून खांद्यापर्यंतचा पट्टा झाडाला बांधतात. बैठक कुठे बांधायची हे वारा ठरवतो. सकाळी ऊन चढू लागले की उतारावरची हवा वर सरकते, संध्याकाळी थंड होऊन खाली ओघळते. तेव्हा सकाळी हरणांच्या वाटेच्या वर बसायचे आणि संध्याकाळी खाली. एकदा त्या शेजाऱ्यांच्या मागे मी बैठकीवर बसले होते. अडीच तासांत एक मादी आली, आमच्या दिशेला नाक वर करून उभी राहिली, पुढचा खूर एकदा जमिनीवर आपटला आणि गेली. दिसलो नव्हतो, वारा फिरला होता.

डोळ्यांची बाब निराळी आहे. रायफलीच्या हंगामात डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड दिसले पाहिजे, असा नियम आहे. नारिंगी घालून हरीण कसे मिळणार, हा प्रश्न मलाही पडला होता. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. लाल-नारिंगी त्याला वेगळा उठून दिसत नाही. निळा मात्र छान दिसतो आणि अतिनील उजेडही त्याला आपल्यापेक्षा अधिक जाणवतो. म्हणजे निळी जीन्स वाईट, आणि कपडे लखलखीत करणाऱ्या पावडरीत धुतलेला हिरवा-तपकिरी अंगरखा त्याहून वाईट, कारण त्या पावडरीतली झळाळीची द्रव्ये अतिनील उजेडात चमकतात. शुभ्रतेच्या जाहिराती हरणांना थेट पोचतात म्हणायचे.

नोव्हेंबर हा माजाचा महिना. नर खुरांनी माती उकरून त्यावर मुततात, शिंगे घासून कोवळ्या झाडांच्या साली काढतात. गळून पडलेली दोन शिंगे एकमेकांवर खडखडवून झुंजीचा भास करणे ही जुनी युक्ती अजून चालते. बाटलीत भरलेले मादीचे मूत्र मात्र आता काही भागांत बंद झाले आहे. त्याचे कारण मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग. प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे तो होतो आणि मूत्र, लाळ, माती यांतून पसरतो. कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये १९६७ साली तो प्रथम दिसला, पेनसिल्व्हेनियात २०१२ साली पोचला. रोगग्रस्त टापूतून मेंदू आणि पाठीचा कणा बाहेर नेता येत नाही, त्यामुळे सोलण्या-तोडण्याची पद्धतही बदलावी लागली. आता तर सरकारलाच हरणे कमी व्हायला हवी आहेत. ती रानातली कोवळी रोपे उगवू देत नाहीत, मोटारींखाली येतात. न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या परसांतही ती रात्री येऊन जातात. एका हंगामात पेनसिल्व्हेनियात चार लाखांहून अधिक हरणे मारली जातात, त्यांत माद्या निम्म्याहून जास्त. आणि परवाने घेणारे? १९८०च्या दशकाच्या आरंभी ते १२ लाखांवर होते, आज ९ लाखांच्या आतबाहेर. मादी मारू नका हे ज्यांच्या आजोबांना शिकवले, त्यांना आता मादी मारा म्हणून विनवावे लागते. मारण्याची इच्छा हुकमाने वाढत नाही.

गोळी लागल्यानंतरचा भाग जाहिरातींत नसतो. बाण किंवा गोळी लागलेले हरीण बहुधा पळते. तेव्हा लगेच मागे धावायचे नाही. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. अर्धा तास थांबायचे. काळपट रक्त म्हणजे यकृत, कित्येक तास. हिरवट, दुर्गंधी असेल तर पोट. आठ-दहा तास तरी, कारण मागे गेले तर ते मरणाच्या वेदनेतही उठून दूर जाते आणि मग सापडतच नाही. पानापानावरचा थेंब शोधत, प्रत्येक खुणेला कागदाचा तुकडा लावत जायचे. आता उष्णता टिपणाऱ्या ड्रोनने पडलेले हरीण मिनिटांत सापडते. पण त्याच ड्रोनने जिवंत हरीणही सापडते. त्यामुळे हा शोध की शिकार, हा वाद पेनसिल्व्हेनियात न्यायालयापर्यंत गेला.

कुत्र्याच्या बाबतीत मात्र राज्याने २०१८ साली वाट काढली. जखमी हरणाचा माग काढण्यासाठी कुत्रा नेता येतो. दोरी सोडायची नाही, आणि नवे हरीण उठवायचे नाही. शेजाऱ्यांच्या पुतण्याकडे अशी एक आखूड पायांची कुत्री होती. ज्या जागी रक्त माणसाच्या डोळ्यांना संपलेले असे, तिथे ती नाक जमिनीला लावून क्षणभर थांबे, आणि मग दोरी ताणून पुढे निघे.