ई-पत्राचे विषय आणि कृत्रिम बुद्धिमत्ता
औषधालयाचे मासिक ई-पत्र उत्साहाने सुरू होते व तिसऱ्या महिन्यात विषयांवाचून अडते. संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्तेस नुसते ‘आयुर्वेदावर विषय सुचवा’ म्हटल्यास हळद-अश्वगंधेचीच उजळणी पदरी पडते. त्याऐवजी ‘शरद ऋतू, पित्तप्रकोप, ऑक्टोबरचे ऊन’ असा तपशील द्यावा; मग विरेचनाचा काळ, दह्याचा निषेध असे उपयुक्त विषय निघतात.

मात्र ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे शीर्षकही ते यंत्र निःसंकोच सुचवू शकते. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेह आहे, आणि परिपत्रकही तेथे जाहिरातीच्या व्याख्येत येते. उत्तरदायित्व अर्थातच पत्र धाडणाऱ्याचे. रुग्णांची नावे व व्याधी यंत्रास सांगू नयेत. श्लोकसंदर्भ तर संहिता उघडूनच पडताळावेत, ते पुष्कळदा कल्पित निघतात.